केराटोकोनस निघालाय? लेन्स लागण्याआधी आणि लागल्यावर काय करायचं

दर सहा महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलतोय, त्यातही सिलिंडर (डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर) वाढतोय, अॅक्सिस (त्या नंबरचा कोन) दर वेळी वेगळाच निघतोय आणि नवा चष्मा लावूनही एसटीची पाटी वाचता येत नाही. इथवर आलेला माणूस आधी चष्मेवाल्याला दोष देतो. मीही दिला. दोन दुकानं बदलली, एकाशी तर भांडलो. तिसऱ्या ठिकाणच्या ऑप्टोमेट्रिस्टने (नजर तपासणाऱ्या तज्ज्ञाने) डोळ्यात उजेड मारून थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आज चष्मा करूच नका. आधी टोपोग्राफी करून या." टोपोग्राफी म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पडद्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी. रेटिनोस्कोपच्या उजेडाची तिरीप माझ्या डोळ्यात कात्रीच्या पात्यांसारखी उघडमीट करत होती. केराटोकोनसची ही जुनी खूण. ज्यांच्याशी भांडलो, त्या बिचाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं.

ज्यांना हे नाव नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी डॉक्टर नाही. दोन्ही डोळ्यांत केराटोकोनस असलेला आणि तेरा वर्षं लेन्स वापरणारा पेशंट आहे. औषधं आणि उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं आणि घरी आल्यावर काय करायचं, एवढं इथे मिळेल.

नक्की बिघडलंय काय

बुबुळावर घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो, तो कॉर्निया. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचं दोन-तृतीयांश काम हाच पडदा करतो. केराटोकोनसमध्ये तो पातळ होत जातो आणि पुढे फुगतो, बहुतेकदा मध्यापेक्षा जरा खाली. सुरुवात सहसा शाळा-कॉलेजच्या वयात होते, विशी-तिशीत तो वाढतो आणि चाळिशीच्या सुमारास बहुतेकांचा मंदावतो.

चष्म्याने का भागत नाही? साधा सिलिंडर नंबर असलेला डोळा अंड्यासारखा असतो. एका दिशेला जास्त गोल, दुसरीला कमी, पण पृष्ठभाग गुळगुळीत. तेवढं चष्म्याची काच सांभाळून घेते. आपला कॉर्निया पोचे आलेल्या स्टीलच्या पातेल्यासारखा. त्यात चेहरा पाहिला तर नाक एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे. असला वाकडेपणा नाकावर ठेवलेल्या काचेने सरळ होत नाही.

म्हणून एका डोळ्याने पाहिलं तरी अक्षरांना सावल्या दिसतात, दिव्यांना शेपट्या फुटतात. कोजागिरीला गच्चीवर सगळे दुधातला चंद्र बघत होते, तेव्हा मला आकाशात एकावर एक रचलेले पाच चंद्र दिसत होते. सगळ्यांनाच तसे दिसतात असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

घरी एक प्रयोग करा. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा, एक डोळा झाका आणि दुसऱ्याने त्या भोकातून कॅलेंडरकडे बघा. अक्षरं बरीच सुधारली, तर गडबड प्रकाश वळवण्यात आहे. बारीक भोकातून कॉर्नियाचा लहानसाच भाग वापरला जातो, त्यामुळे वाकडेपणा कमी जाणवतो. रात्री त्रास वाढतो तो याच्या उलट कारणाने. अंधारात बाहुली मोठी होते आणि कॉर्नियाचा वेडावाकडा भागही कामाला लागतो. या प्रयोगावरून निदान मात्र करू नका. त्यासाठी टोपोग्राफीच लागते.

दोन प्रश्न वेगळे ठेवा

नवीन माणसाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. रोग वाढायचा थांबवणं हा एक प्रश्न आणि नीट दिसणं हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

थांबवण्यासाठी क्रॉसलिंकिंग. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात १९९० च्या दशकात ही पद्धत विकसित झाली. मूळ पद्धतीत कॉर्नियावरचा वरचा नाजूक थर काढतात, अर्धा तास रायबोफ्लेविनचे म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालतात आणि मग अर्धा तास अतिनील प्रकाश देतात. कॉर्नियातले तंतू एकमेकांशी घट्ट बांधले जातात. आता कमी वेळाच्या पद्धतीही आहेत. त्यानंतरचे तीन-चार दिवस वाईट जातात, डोळा आगीसारखा पेटतो. इतकं सोसूनही नंबर जात नाही. माझ्या ओळखीचा एक मुलगा क्रॉसलिंकिंग झाल्यावर आठवड्याने रडवेला झाला होता, "एवढं करून काहीच फरक नाही." फरक पडला होता. घसरण थांबली होती.

लेन्सचं उलट आहे. लेन्सने दिसतं, पण रोग थांबत नाही. लेन्स घालून ६/९ (तक्त्यावर जवळजवळ पूर्ण दृष्टी) दिसायला लागलं म्हणून टोपोग्राफीच्या तारखा चुकवणारे लोक मी पाहिलेत. त्यातला एक मीच. वय विशीच्या आत असेल तर ही चूक महागात पडते, कारण त्या वयात रोग वेगाने वाढू शकतो.

तिसरी गोष्ट दोन्हींपेक्षा स्वस्त आहे: डोळे चोळू नका. केराटोकोनस आणि डोळे चोळणं यांचं नातं पक्कं आहे. उन्हाळ्यात अॅलर्जीने खाज सुटते, मूठ डोळ्याशी जाते आणि आधीच पातळ असलेला पडदा रगडला जातो. खाज आली की थंड पाण्याची पट्टी ठेवा आणि अॅलर्जीवर डॉक्टरांकडून औषध घ्या. मेडिकलवाल्याकडून "मागच्या वेळचेच ड्रॉप" आणायची सवय सोडा. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते महिनोन्‌महिने चाललं, तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

आणि लॅसिक, म्हणजे लेझरने नंबर घालवायचं ऑपरेशन? केराटोकोनसमध्ये नाही. पातळ झालेला पडदा आणखी पातळ करण्यासारखं आहे ते. "नंबर घालवून देतो" म्हणणाऱ्याला रिपोर्ट दाखवा.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

टोपोग्राफीचा तो रंगीत कागद बघून घाबरायला होतं. लाल भाग म्हणजे तिथे उतार जास्त, इतकंच. दोन आकडे वहीत उतरवून ठेवा. पहिला 'के-मॅक्स', म्हणजे सगळ्यात तीव्र उताराची जागा किती डायॉप्टरची (प्रकाश वळवण्याच्या ताकदीचं माप) आहे. सामान्य कॉर्निया साधारण ४२ ते ४४ च्या आसपास असतो, आपल्याकडे पन्नास-साठही सापडतात. दुसरा सगळ्यात पातळ जागेची जाडी, मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. नेहमीच्या क्रॉसलिंकिंगला साधारण ४०० मायक्रॉन जाडी लागते, म्हणून हा आकडा वेळेवर कळणं महत्त्वाचं. के-मॅक्स वर्षभरात एक डायॉप्टर किंवा जास्त वाढला, तर डॉक्टर सहसा कान टवकारतात.

शक्यतो दर वेळी त्याच मशीनवर तपासणी करा. दोन कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आणि कडक लेन्स वापरायला लागल्यावर टोपोग्राफीआधी ती किती दिवस काढून ठेवायची हे विचारून घ्या. लेन्स कॉर्नियाला दाबून थोडा आकार देते, तो उतरायला वेळ लागतो. मी एकदा सकाळी लेन्स काढून दुपारी तपासणीला गेलो. रिपोर्ट इतका छान आला की डॉक्टरांना संशय आला.

कोणती लेन्स

एक गंमत सांगतो. अॅडॉल्फ फिक याने १८८८ मध्ये काचेच्या कॉन्टॅक्ट लेन्सबद्दल लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोरच्या रोग्यांत केराटोकोनसचे रोगी होते. चष्मा नको म्हणून लेन्स वापरणारी जनता फार नंतर आली. मूळ गिऱ्हाईक आपण.

कडक लेन्स काम कशी करते ते कळलं की बाकीचं सोपं जातं. गुळगुळीत, टणक लेन्स कॉर्नियावर बसते आणि मधल्या खाचखळग्यांत अश्रू भरतात. अश्रू आणि कॉर्निया प्रकाशाला जवळजवळ सारखंच वळवतात, त्यामुळे वेडावाकडा पृष्ठभाग प्रकाशाच्या लेखी बराचसा नाहीसा होतो. भिंतीवर लांबी (पुट्टी) भरून रंग दिल्यावर खड्डे दिसत नाहीत, तसंच हे.

आरजीपी (रिजिड गॅस पर्मिएबल) ही छोटी कडक लेन्स, साधारण नऊ-दहा मिलिमीटरची. तिच्यातून ऑक्सिजन जातो. केराटोकोनससाठी मुद्दाम घडवलेल्या प्रकारांत न्यूझीलंडच्या पॉल रोझ यांची 'रोझ के' आपल्याकडे सहज ऐकू येते. दिसतं उत्तम, पण सुरुवातीला खुपते. कुसळ गेल्यासारखी. धुळीचा एक कण खाली गेला की भर रस्त्यात गाडी बाजूला घ्यावी लागते.

स्क्लेरल लेन्स मोठी, पंधरा मिलिमीटरच्या पुढची. ती कॉर्नियाला स्पर्शच करत नाही, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि मधे सलाइनचं तळं असतं. आश्चर्य म्हणजे मोठी असून ती कमी खुपते. धूळ आत जात नाही, लोकलच्या गर्दीत धक्का लागून उडत नाही. पण महाग, आणि घालायला शिकावी लागते.

बाकीचे प्रकार पटकन. सुरुवातीच्या टप्प्यात सॉफ्ट टोरिक (सिलिंडर नंबरची मऊ लेन्स) किंवा केराटोकोनससाठीची जाडसर सॉफ्ट लेन्स पुरते. कडक लेन्स सोसत नसेल तर खाली सॉफ्ट आणि वर आरजीपी अशी जोडी लावतात, तिला पिगीबॅक म्हणतात. मधे कडक आणि कडेला मऊ अशी हायब्रिडही मिळते.

माझं मत विचाराल तर, दुचाकीवर फिरणाऱ्याने आणि धुळीत काम करणाऱ्याने परवडत असेल तर आधी स्क्लेरलची चाचणी घ्यावी. दिवसभर एसीत बसणाऱ्याला आरजीपी पुरते. माझ्या मावसभावाला मात्र स्क्लेरल अजिबात जमली नाही. तो आरजीपी लावून शेतावर जातो, गॉगल घालून.

चाचणीचा दिवस

अर्धा दिवस मोकळा ठेवा, सोबत कुणाला तरी न्या. गावातल्या दुकानात ही लेन्स बसवून मिळत नाही. कॉन्टॅक्ट लेन्सचा वेगळा विभाग असलेलं नेत्र रुग्णालय गाठा. पुण्या-मुंबईत असे आहेत. मराठवाड्यातले बरेच जण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयात जातात.

तिथे चाचणीच्या लेन्सचा संच असतो. एकेक घालून बघतात, डोळ्यात पिवळा-नारिंगी रंग टाकून निळ्या उजेडात तपासतात. जिथे अश्रू साचले तिथे हिरवं चमकतं, जिथे लेन्स टेकली तिथे काळं दिसतं. पहिल्यांदा कडक लेन्स घातली की धारा लागतात, नाक गळतं. मान वर करू नका, किंचित खाली बघा आणि वीस-तीस मिनिटं द्या. अश्रू थांबल्याशिवाय नंबर काढून घेऊ नका, तो चुकतो.

पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: "फिटिंग जमलं नाही तर बदलून मिळेल का, किती वेळा आणि किती दिवसांत?" पहिली लेन्स जमेलच असं नाही. माझी उजवी तिसऱ्या खेपेला जमली. त्या काळात मला वाटायचं आपलाच डोळा विचित्र. समोरची ऑप्टोमेट्रिस्ट शांतपणे म्हणाली, "शिवलेल्या ब्लाउजला एकदा तरी उसवावं लागतंच ना?"

घरी: घालणं आणि काढणं

बेसिनचं भोक आधी बंद करा. खाली पांढरा टॉवेल अंथरा. हात बिनक्रीमच्या साबणाने धुवा आणि लिंट न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. रोज उजव्यापासूनच सुरू करा, म्हणजे अदलाबदल होत नाही.

आरजीपी तर्जनीच्या टोकावर ठेवून, एक थेंब द्रव घालून, पापण्या धरून सरळ बुबुळावर टेकवायची. स्क्लेरलचा क्रम वेगळा:

१. लेन्स सक्शन कपवर (रबराच्या छोट्या चोषकावर) बसवा आणि प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाइनने काठोकाठ भरा, वर फुगवटा येईपर्यंत. इथे मल्टिपर्पज सोल्यूशन (लेन्स धुण्या-ठेवण्याचं) चालत नाही, ते तासन्‌तास कॉर्नियाला चिकटून राहील.
२. टेबलावर आरसा आडवा ठेवा आणि चेहरा जमिनीला समांतर करा. नमस्कार करताना वाकतो तसं.
३. दोन्ही पापण्या नीट ताणा. बहुतेकांची चूक लेन्समध्ये नसते, अर्धवट उघडलेल्या पापणीत असते.
४. लेन्सच्या मधोमध बघत हात वर आणा. पाणी सांडलं की टेकली. मग पापण्या सोडा, कप काढा.
५. आरशात बघा. आत बुडबुडा दिसला तर काढून पुन्हा भरा. "छोटासाच आहे" म्हणून तसंच जाऊ नका. बुडबुड्याखालची जागा कोरडी पडते.

पहिल्या दिवशी मला सत्तावीस मिनिटं लागली आणि घरभर सलाइन सांडलं. आता चहा उकळेपर्यंत दोन्ही होतात.

काढताना सक्शन कप ओला करा आणि स्क्लेरलच्या मधोमध न लावता कडेजवळ लावा. कड आधी उचलली की हवा शिरते आणि लेन्स सुटते. मधोमध लावून ओढलं तर सगळा डोळाच ओढल्यासारखं होतं. आरजीपीसाठी कप वापरत असाल तर लेन्स खरंच बुबुळावर आहे ना हे आधी बघा. उघड्या कॉर्नियाला कप लावून ओढण्याइतकं वाईट दुसरं काही नाही. लेन्स पांढऱ्या भागावर सरकली तर घाबरू नका, डोळ्यामागे जायला तिला वाटच नसते.

पहिल्या दिवशी तीन-चार तास, मग रोज तास-दोन तास वाढवा, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं. रात्री काढायची म्हणजे काढायची.

पाणी, तेल आणि मिरची

नळाचं पाणी लेन्सला, डबीला, सक्शन कपला कशालाच लावायचं नाही. बाटलीबंद नाही, उकळून गार केलेलंही नाही. पाण्यातला अकॅन्थअमिबा हा सूक्ष्म जीव कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टी जाऊ शकते. लेन्स घालून पोहणं बाद. आंघोळ आधी, लेन्स नंतर. डबीतलं सोल्यूशन रोज फेकून नवं घाला, कालच्यात भर घालू नका. हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरत असाल तर त्याच्याच डबीत पूर्ण वेळ, साधारण सहा तास, ठेवलं पाहिजे. ते थेट डोळ्यात गेलं तर काय होतं हे मी एकदा पेंगत असताना शिकलो.

आता आपल्या घरातल्या गोष्टी. डोक्याला खोबरेल लावल्यावर लेन्स हाताळू नका, तेलाचा थर साबणाने लवकर जात नाही. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला आधी तेल-उटणं-आंघोळ सगळं उरका. काजळ लेन्स घातल्यावर आणि पापणीच्या बाहेरच्या बाजूलाच लावा. ठेचा केला असेल तर त्या रात्री लेन्स दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्या. विनोद वाटेल, पण तीनदा हात धुऊनही तिखट उरतं. मिरवणुकीत गुलाल उधळतात तिथे चष्म्यावर जा, धूसर दिसलं तरी चालेल.

दिसायला लागल्यावर

पहिल्यांदा लेन्स लागली तेव्हा झाडाला वेगवेगळी पानं असतात हे मला पुन्हा कळलं. तरी एक गोष्ट आधीच ऐकून ठेवा: तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली तरी सगळं लख्ख होईलच असं नाही. लेन्स कॉर्नियाचा पुढचा पृष्ठभाग झाकते, मागचा वाकडाच राहतो. म्हणून काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांना पुसटशी सावली, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याला थोडं वलय, एवढं उरू शकतं. मी मोबाइलवर डार्क मोड बंद ठेवतो, अक्षरं मोठी करतो आणि खोलीत भरपूर उजेड घेतो. रात्रीच्या हायवेवर गाडी दुसऱ्याला देतो.

दुपारनंतर स्क्लेरलमध्ये धुकं येतं, कारण आतल्या सलाइनमध्ये चिकट कण जमतात. लेन्स काढून नवं सलाइन भरलं की साफ. त्यासाठी ऑफिसच्या बॅगेत कप, सलाइन आणि डबी ठेवा. रोज धुकं यायला लागलं तर फिटिंग तपासा. जुना चष्मा जवळ असू द्या. रात्री उठल्यावर आणि डोळा लाल झालेल्या दिवशी तोच कामाचा.

अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल बरेच विचारतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी मोजताना चांगला डोळा आणि शक्य तितका उत्तम नंबर लावून दिसणारी दृष्टी धरतात, ६/१८ ची मर्यादा आहे. त्यामुळे लेन्स घालून ६/९ वाचणारा माणूस त्यात बसत नाही, मग लेन्स काढल्यावर त्याला स्वतःचा हात धड दिसत नसला तरी. मला हे अन्यायाचं वाटतं.

कधी धावत जायचं

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, चिकट स्राव आला किंवा दृष्टी अचानक घसरली तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लेन्सही सोबत न्या. अचानक बुबुळ पांढुरकं होऊन दिसेनासं झालं, तर ते हायड्रॉप्स असू शकतं. आतला पडदा फाटून कॉर्नियात पाणी शिरतं. ते बहुतेकदा काही महिन्यांत ओसरतं, व्रण मात्र राहू शकतो. कॉर्नियाचं रोपण थोड्याच जणांना लागतं, आणि त्यानंतरही अनेकांना लेन्स लागते. रोपण म्हणजे लेन्सपासून सुटका, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

शेवटचं काम घरच्यांचं. केराटोकोनस काही घराण्यांत एकापेक्षा जास्त जणांना होतो, म्हणून भावंडांची एकदा टोपोग्राफी करून घ्या. माझ्या धाकट्या बहिणीची केली, तिचे डोळे ठीक निघाले. पण चोळायची सवय तिलाही होती. आता तिचा हात डोळ्याकडे गेला की आई स्वयंपाकघरातूनच ओरडते. तिला तिथून दिसतं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.